येथे पूर्वी पाणी होते

आमच्या तांड्यात शाळेच्या आधी विहीर यायला हवी होती. पण सरकारच्या हाताला जे आधी लागलं ते त्यानं आधी पाठवलं. त्यामुळे बरडाच्या माथ्यावर जनपद सभेची टिनाची शाळा उभी राहिली, शाळेत पोरं बसली, आणि पोरांना तहान लागली की ती बरड उतरून नाल्यावर जायची. तिथून ती परत शाळेत येतीलच असं नव्हतं.

आमचा तांडा घाटंजीच्या बाजूला. बरड म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. तिथे तीळ पेरला तरी उगवायला लाजायचा. आमचे आजे लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. एकदा त्यांचे बैल या बरडावर दमून बसले, म्हणून आम्ही इथले झालो. पाणी पाहून थांबावं हे बैलांना सुचलं नाही.

नाला खाली, घरं वर, आणि मधली चढण माझ्या डोक्यावर. माझं नाव जमनी. सकाळच्या खेपा संपेपर्यंत शाळेत पहिला धडा संपलेला असायचा. माझी आई मानीबाई, आमच्या बोलीत याडी, शाळेच्या विरुद्ध नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. (घरात आम्ही गोरबोलीच, म्हणजे बंजारा बोलीच, बोलायचो. इथे सगळ्यांचं बोलणं मी बाजारातल्या मराठीत सांगते, नाही तर तुम्हाला काही कळायचं नाही.)

"इहीर झाली का शाळा," याडी म्हणाली. "तवरक घागर."

म्हणून तांड्यात सगळ्यात जास्त विहिरीची वाट मी पाहत होते. बाकीच्यांना नुसतं पाणी हवं होतं.

शाळेवरच्या बाईचं नाव सत्यशीला. तांड्यात प्रत्येक बाईमाणूस बाईच असल्यामुळे तिला आम्ही मास्तरबाई म्हणायचो. ती राळेगावकडची, ट्रेनिंग झालेली, आणि आली ती मुंबई राज्यातलं नवं पुस्तक घेऊन आली. सोबतीला तिचा म्हातारा बाप उकंडाबुवा होता. दोघं शाळेच्या मागच्या खोलीत राहायचे. तिच्या लोकांनी दोन-तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. धर्म त्यांनी बदलला होता. सवय आम्ही बदलली नव्हती. नाल्यावर आमची पाणी भरायची जागा वर, आणि उकंडाबुवाची बरीच खाली. बाई कधी आमच्या दारावरून जाताना पाणी मागायची तेव्हा ओंजळ धरायची आणि याडी वरून ओतायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बाईला वाटत असेल, पण आम्ही विचारलं नव्हतं.

बाई बोलायची मात्र पुस्तकासारखं. वर्गात खेड्याची बोली बोलू नये असं तिला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं म्हणे, आणि ती सांगितलेलं ऐकणारी होती.

त्या वर्षी पुस्तकात एक धडा होता: कोणता प्राणी कुठे राहतो, तसा का राहतो, आणि जागा बदलली की त्याचं काय होतं. बाईनं उंटाचं चित्र वर धरलं. मी खेपेवरून येताना घागर घेऊन दारातूनच पाहत होते.

"उंटाच्या पाठीवर काय असते?"

"मीठ," खेमसिंग म्हणाला. खेमसिंग आमच्या नायकाचा, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा, नातू. त्याच्या घराण्यात पाठीवर दुसरं काही असू शकतं असं कुणाला वाटत नव्हतं.

"कुबड असते," बाई म्हणाली. "उंटाला पाणी जपून वापरण्याची सवय असते. तो तहान सोसतो, आणि ते कुणाला कळतही नाही."

मग तिनं फळ्यावर लिहिलं, आणि आम्ही ते पाढ्यासारखं म्हणायला लागलो. जागेवरचे पाणी गेले की प्राण्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, निघून जाणे. दुसरी, सवय लावून घेणे. तिसरी, दगड होणे.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यात आवडली. दगड कसं व्हायचं, असं सगळे विचारायला लागले. तेव्हा बाई पोरांना बरडाच्या टोकाला घेऊन गेली, आणि मीही घागर घेऊन मागोमाग गेले. तिथे पांढुरक्या दगडांचा एक थर उघडा पडला होता आणि त्यात बोटाच्या पेराएवढे शंख होते, पीळ घातलेले, पण अस्सल दगडाचे. आम्ही ते सागरगोटे म्हणून खेळायचो. बाई मात्र गुडघ्यावर बसली आणि एकेक शंख बोटानं पुसायला लागली. तिचा चेहरा असा झाला होता, जणू माहेरचं कुणी भेटलं.

"याला जीवाश्म म्हणतात," ती म्हणाली. "कोट्यवधी वर्षांपूर्वीची ही गोगलगाय आहे. गोगलगाय पाण्यात राहणारी. म्हणजे बघा, येथे पूर्वी पाणी होते."

आता इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे. पुस्तकातलं 'होते' म्हणजे होऊन गेलेलं. आमच्या भागात 'होते' म्हणजे पिकते, निघते, दरसाल मिळते. ज्वारी होते. तूर होते. पोरगं होते. नायकाच्या कानाला दुसरं 'होते' माहीतच नव्हतं. आणि कोट्यवधी हा शब्द खेमसिंगच्या तोंडातून घरापर्यंत पोचलाच नाही. तो लांब होता आणि बरड खडकाळ.

दुसऱ्या दिवशी नायक भीमसिंग स्वतः शाळेत आला. पागोटं सारखं करून दारातच उभा राहिला. सरकारी विकास ब्लॉकच्या साहेबानं तांड्याला एक विहीर मंजूर केली होती. खोदणार आम्ही, पाहणार साहेब, आणि जागा तांड्यानं सांगायची होती. जागेवरून भांडण चाललं होतं. सेवादास नावाचा एक जण कडुनिंबाची दुबेळकी काडी धरून पाणी दाखवायचा, पण ज्याच्या घरी त्याचं जेवण व्हायचं त्याच्याच अंगणात काडी वाकायची. नायकाला पक्कं काहीतरी हवं होतं.

"मास्तरबाई, खेमसिंग सांगे का बरडाचं पुस्तकात लिहून हाय."

"तुमच्याच बरडाचे असे नाही," बाई म्हणाली. "पण असे शंख सापडतात तेथे पूर्वी पाणी होते."

"पूर्वेले." नायकानं बरडाच्या टोकाकडे हात केला. ते पूर्वेलाच होतं.

"हो, तेथेच."

"पानी होते?"

"होते."

"लय होते?"

"भरपूर. तळेच होते."

"उन्हायात?"

"बारा महिने होते."

"अन् गोडं?"

"गोडेच. हे गोड्या पाण्यातले शंख आहेत."

नायकानं दोन्ही हात जोडले. सरकारी माणसाकडून इतकं सरळ उत्तर त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. बाईलाही आनंद झाला. तांड्याच्या नायकाला जीवाश्मांची इतकी गोडी असेल असं तिला वाटलं नव्हतं. दोघंही एकमेकांवर फार खूश होऊन आपापल्या कामाला लागले.

होळी झाली आणि खोदाई सुरू झाली. तांड्यातला हरेक माणूस सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बरडाच्या टोकावर. मुरूम लागला, मग काळा दगड लागला. त्याला सुरुंग लावायला ब्लॉकचा माणूस आला आणि लावून गेला. मी रोज खेपेवरून येताना खड्ड्यात डोकावायचे. खड्डा जितका खोल जाई तितकी मी मनात शाळेच्या जवळ जाई. पाटीला नवं फडकं मी तेव्हाच शिवून ठेवलं होतं.

बाईला वाटलं होतं, विहीर आहे, माणसांनी जागा निवडली असेल. आपल्याला काय कळतं त्यातलं. मग एक दिवस खड्ड्यातून टोपलीभर पांढरे दगड वर आले, आणि त्यात शंखच शंख. मोठे, छोटे, एकमेकांत अडकलेले. हे कळलं तशी सकाळची शाळा सोडून बाई सगळ्या पोरांना घेऊन खड्ड्याच्या काठावर आली. वाकून पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"बघा!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी सांगितले होते ना? येथे पाणी होते!"

खाली माणसं घामानं निथळत होती. ते ऐकून त्यांनी असे घाव घातले की आदल्या आठवड्याएवढं काम त्या एका सकाळी झालं.

मग शंखांचा थर संपला आणि खाली पुन्हा काळा दगड लागला, ठक्क कोरडा. दुसऱ्या दिवशी नायकानं बाईला बोलावलं. सगळा तांडा भोवती उभा होता. मी घागर खाली ठेवून पुढे घुसले.

"बाई, आता पानी कवा लागन?"

"कोणते पाणी?"

"तुमी म्हनलं थे. होते म्हनलं."

"होते," बाई म्हणाली. आणि मग तिनं भोवती नजर फिरवली. खड्ड्याकडे पाहिलं, सब्बलींकडे पाहिलं, माणसांच्या फोड आलेल्या हातांकडे पाहिलं. "नायक, होते म्हणजे... आता नाही."

"जवारी होते, तूर होते. तसं होते ना?"

"तसे नाही. होते म्हणजे गेले."

"मंग गेलं म्हना ना!" नायक ओरडला. "कवा गेलं?"

"कित्येक कोटी वर्षे झाली."

"माह्या आज्याच्या अगुदर?"

"अगोदर."

"लदेणीच्या अगुदर?"

"माणसांच्याच अगोदर."

नायक मातीच्या ढिगावर बसला. "मंग ते पाह्यलं कोनं?"

बाईनं एक शंख उचलून दाखवला. दुसरं काही दाखवायला तिच्याकडे नव्हतं. मग तिच्या बोलण्यातलं पुस्तक पहिल्यांदा गळून पडलं.

"नायक, चुकलं माह्यं. तुमी काय पुसून राह्यले ते मले समजलंच नाही. मले वाटलं तुमाले शंखाची हौस हाय."

नायकानं मान वर केली. "अशी बोलली असती पयलेच," तो म्हणाला, "तं हा खड्डा झाला नसता."

मला रडू आलं. सगळे उन्हाळ्याच्या पाण्याचं बोलत होते, पण त्या खड्ड्यात माझी शाळा गेली होती. आणि ज्या बाईकडे मला शिकायचं होतं तिनंच ती घालवली होती. त्या दिवशी मला तिचा फार राग आला. तो घेऊन मी नाल्यावर गेले, आणि दुसरी खेप पण केली, कारण राग आला म्हणून घागर भरत नाही.

तांड्यात कुजबुज सुरू व्हायला वेळ लागला नाही. हंसाबाई म्हणून होती, तिची जीभ घरात कमी राहायची. ती म्हणाली, पानी होतंच, पन त्या बाईची सावली खड्ड्यात पडली अन् पानी पयालं. चार डोकी हलली. ती चाराची आठ व्हायच्या आत नायकानं विचारलं,

"पानी कवा पयालं?"

"कोटी वर्सं झाले म्हन्ते ना थे."

"अन् बाई कवा आली?"

"गेल्या आखाडात."

"मंग?" नायक म्हणाला.

हंसाबाईनं मनात हिशेब करून पाहिला. तो कसाही केला तरी जुळत नव्हता. भूगर्भाचं शास्त्र आमच्या तांड्यात पहिल्यांदा कामी आलं ते असं.

ब्लॉकच्या साहेबानं दुसरी विहीर द्यायला नकार दिला. एका तांड्याला एक विहीर, आणि ती झाली होती. साहेबानं स्वतः वाकून पाहिली होती. त्यात पाणी असावं की नाही हे मंजुरीत लिहिलेलं नव्हतं. तेव्हा नायकानं मोहाच्या झाडाखाली नसाब बसवली. नसाब म्हणजे आमची तांड्याची पंचायत. सगळे आपापलं बोलून थकले तेव्हा त्यानं खेमसिंगला पुढे बोलावलं.

"पानी गेल्यावर जनावर काय करते म्हने पुस्तकात?"

पाठ असलेलं विचारल्यावर पोरं थांबतात होय? सगळी एका सुरात सुरू झाली. "पहिली, निघून जाणे. दुसरी, सवय लावून घेणे. तिसरी, दगड होणे."

"तिसरी होईनच, थ्याची घाई नाही," नायक म्हणाला. "दुसरी दोन पिढ्या करून पाह्यली. राह्यली पयली. थे तं आपल्या आज्याले पुस्तकाबिगर येत होतं."

आणि पाऊस लागायच्या आत तांडा उठला. आमची घरं म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर गवत. सोडायला बांधण्यापेक्षा कमी वेळ लागतो. बैलबंड्या भरल्या, कोंबड्या बांधल्या, चुलीचे दगडसुद्धा घेतले. म्हातारी बसंतीबाई बंडीवर सगळ्यात आधी चढून बसली. लदेणी तिनं डोळ्यांनी पाहिली होती. इतकी वर्षं ती आजारी आहे असं आम्ही समजत होतो. ती नुसती एका जागी बसून कंटाळली होती. संध्याकाळी सगळा तांडा नाल्याच्या काठाला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर.

शाळा मात्र वरच राहिली. ती सरकारी होती, आणि सरकारी गोष्ट जागची हलत नाही. बरडावर आता एक कोरडी विहीर, एक टिनाची शाळा, एक बाई आणि तिचा बाप. तिसऱ्या वाटेचा धडा शिकवायला याहून चांगली जागा नव्हती.

मी याडीला शब्दाची आठवण करून दिली. म्हटलं, पाणी आता दारात आलं.

"पानी नाही आलं. आपुन गेलो," याडी म्हणाली. "अन् मी इहीर म्हनलं होतं. इहीर कुठी हाय?"

पाण्याचा वेळ वाचला होता हे खरं, पण तांड्यात वेळ वाचला की त्याला बकऱ्या चिकटतात. आमच्याकडच्या बकऱ्या मला लागल्या. मुलं चढण चढून शाळेत जायची आणि मी खाली उभी राहून त्यांच्या पाट्या दिसेनाशा होईपर्यंत पाहायचे. असं वाईट मला त्याआधी वाटलं नव्हतं, कारण त्याआधी निदान विहिरीची आशा होती.

मृग कोरडा गेला. उकंडाबुवाचा गुडघा धरला होता. त्याची पाणी भरायची जागा आता आमच्या घरांच्याही पलीकडे, खाली गेली होती. एक दिवस तो रिकामी कळशी घेऊन चढणीत मध्येच बसलेला नायकाला दिसला. नायक आमच्या दारी आला.

"बाई वर राह्यली थे सरकारच्या हुकमानं. तहानेनं मराचा हुकूम नाही," तो म्हणाला. "तुही पोरगी रोज येवढंच चढे. थिचे पाय बनून हाये. एक घागर पोचवत जाय म्हना."

नायकाला नाही म्हणता येत नाही. याडीनं मला घागर भरून दिली आणि वाटेला लावताना बजावलं. "वरून ओतजो. घागर त्याइच्या हातात देजो नोको. रिकामी झाली का तशीच घेऊन ये. बकऱ्या बांधून हाये."

मी वर पोचले तेव्हा शाळा भरत होती. घागर दारात उतरवली आणि याडीनं सांगितलेलं जसंच्या तसं बाईला सांगून टाकलं, हातात न द्यायचंसुद्धा. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"रिकामी झाली का जाशीन?" तिनं विचारलं. खड्ड्याच्या दिवसापासून ती आमच्याशी आमच्यासारखंच बोलायची.

"हो."

"अन् नाही झाली तं?"

"मंग कशी जाईन?"

बाई मागच्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली. "आमचा माठ फुटला व," ती म्हणाली. "पानी ओतू कशात? राहू दे तुह्याच घागरीत. लागन तसं देत जाय."

"माठ फुटला?" उकंडाबुवानं आतून विचारलं. "कवा?"

"आताच," बाई म्हणाली, आणि मला घागरीजवळ बसायची जागा दाखवली. ती जागा बरोबर फळ्यासमोर होती.

मधल्या सुट्टीत बाईनं ओंजळ धरली. मी वरून ओतलं. तिनं एक घोट घेतला आणि पुरे म्हणाली. टिनाखाली ऊन असं तापलं होतं की खडू धरणाऱ्या तिच्या हाताला घाम सुटत होता. दुपारी पुन्हा एक घोट घेतला, पुन्हा पुरे. मुलांना तिनं सांगून ठेवलं होतं की येताना नाल्यावर पोटभर पिऊन यायचं. शाळा सुटेपर्यंत घागर जवळजवळ भरलेली, आणि शाळा सुटल्याबरोबर ती म्हणायची, आता उरलेलं बुवाच्या कळशीत ओत आणि पळ. असे बरेच दिवस गेले. मी बाराखडी संपवून जोडाक्षरांवर आले. बाईला तहान कमी लागते असं मला वाटायचं. पुस्तकात उंटाचं तसंच लिहिलं होतं.

एकदा पाटी पुसायचं फडकं आणायला मी मागच्या खोलीत गेले. कोपऱ्यात माठ पालथा घातलेला होता. मी त्यावर बोट वाजवून पाहिलं. खणखणीत होता.

त्या संध्याकाळी याडीनं चुलीपुढून विचारलं, "रोज काहून येवढा टाइम लागते? थे बाई पानी पित नाही का?"

"एकच घोट पिते," मी म्हणाले. "घागर रिकामीच होत नाही."

"ऊन काय कमी हाय?"

"नाही."

याडीनं भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली. सकाळी उठले तर बकऱ्या तिनं स्वतःच सोडून नेल्या होत्या. दारात माझी घागर नव्हती. तिच्या जागी लग्नात आलेली मोठी घागर भरून ठेवलेली होती, मला जेमतेम उचलेल अशी.

"लहानी गयते," नाल्याच्या काठावरून याडी ओरडली.

लहान घागर मी दोन वर्षं डोक्यावर वाहिली होती. ती कधी थेंबभरही गळली नव्हती.